दातांच्या दवाखान्यातला समुद्रघोडा

माणूस आयुष्यात किती प्रकारचं पाणी पितो? नळाचं, विहिरीचं, लग्नकार्यात बाटलीतलं. मी महाडमधल्या चार डॉक्टरांचं, दोन वकिलांचं, एका मंगल कार्यालयाचं आणि पोलादपूरच्या हायवेवरच्या तीन हॉटेलांचं पाणी प्यायलेलो आहे. त्यांच्या माठातलं नव्हे, माशांच्या टाकीतलं. चाखून कुठलं कुणाचं ते मी आजही सांगेन.

हौस म्हणून नाही हो, धंदाच तसा. काचेची भरलेली टाकी उचलून ओतता येत नाही. तळाचं घाण पाणी काढायचं तर एक पारदर्शक नळी घ्यायची, तिचं एक टोक टाकीच्या तळाशी सोडायचं, दुसरं तोंडात धरायचं आणि ओढायचं. पाणी नळीतून वर चढून उतरणीला लागलं, की झटकन तोंड सोडायचं आणि ते टोक खालच्या बादलीत टाकायचं. पुढचं पाणी आपसूक येतं. कसब एवढंच की सोडायचं कधी. घाई केली तर पाणी माघारी जातं, आणि समोरून कुणी 'काय दत्ताकाका, बरं आहे ना?' असं विचारलं तर माशांचा आठवडाभराचा संसार घशात. दाबायच्या पंपाच्या नळ्या बाजारात मिळतात, मी स्वतः त्या विकल्या. पण मी कायम तोंडानेच ओढलं. बायको म्हणायची, "अहो, चहा तरी कपातून प्या, नाहीतर त्यालाही नळी लावाल."

महाडमध्ये शोभेच्या माशांचं दुकान चालवायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे मासा म्हटला की माणूस आधी तो तळायचा की कालवणात घालायचा ते विचारतो. सुरुवातीच्या दिवसांत एक शेतकरी दुकानात आला, टाकीसमोर उभा राहिला, गोल्डफिशकडे बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "खायाचा नाय, तं पोसायचा कशाला?" मी त्याला मन:शांती, वास्तुशास्त्र, सगळं सांगून पाहिलं. तो म्हणाला, "माज्या घरात म्हस हाय. तिच्याकडं बघून बी शांती मिळते, वर दूध देते."

एका हॉटेलवाल्याच्या टाकीत दर सोमवारी तेलाचा तवंग असायचा. माशांना कोण काय घालतं म्हणून मी दोन तास दबा धरून बसलो, तर मालकाचे वडीलच रोज कांदाभज्याचा पहिला घाणा माशांना नैवेद्य म्हणून दाखवत होते. नुसता दाखवत नव्हते, टाकत होते. आणि पावसाळ्यात गावात पुराचं पाणी शिरलं की मला हमखास एक तरी फोन यायचा, "काका, आमच्या टाकीवरून पाणी गेलं. मासे बुडाले असतील का हो?"

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि ती मी कधी कुणाला सांगितली नव्हती. मासे मरतात. फार मरतात. गिऱ्हाइकाला ते सहन होत नाही. म्हणून मी टाकी साफ करायला सकाळी लवकर जायचो आणि मेलेला मासा दिसला की पिशवीतून तसाच, त्याच रंगाचा, त्याच मापाचा मासा काढून गुपचूप टाकीत सोडायचो. एका वकीलसाहेबांचा 'राजा' नावाचा मासा नऊ वर्षं जगला. त्यांनी त्याचे वाढदिवस केले. तो राजा किमान सात वेळा बदललेला होता. गिऱ्हाईक सुखी, आपण सुखी. पण मेलेला मासा कागदात गुंडाळून खिशात घालून, वरून चहा घेऊन बाहेर पडताना मला कधीच बरं वाटलं नाही.

आता दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे येतो. तरुण, हौशी बाई. नवा दवाखाना थाटला तेव्हा मला बोलावून म्हणाल्या, "दत्ताकाका, गोल्डफिश सगळ्यांकडे आहेत. मला खाऱ्या पाण्याची टाकी हवी."

माझा तोवर खाऱ्या पाण्याशी संबंध म्हणजे कालवण. पण 'जमणार नाही' हे शब्द माझ्या तोंडातून कधी निघालेच नाहीत. मी म्हणालो, "मॅडम, समुद्रच आणून देतो."

आणि अक्षरशः आणला. शहरातले शहाणे लोक गोड्या पाण्यात विकतचं मीठ घालून समुद्र तयार करतात. मी महाडकर. मी टेम्पोत निळी पिंपं घातली, थेट बागमांडल्याला गेलो. तिथे आमचीच सावित्री समुद्राला मिळते. भरतीचं स्वच्छ पाणी भरलं, आणि खडकाला चिकटलेलं हिरवंगार शेवाळ फार सुंदर दिसलं म्हणून दगडासकट तेही एका पिंपात टाकलं. हीच ती चूक. जाणत्याने न गाळता, न तपासता समुद्रातला दगड टाकीत घातला नसता.

टाकी लागली. खारं पाणी मुरायला काही आठवडे द्यावे लागतात, तोवर मासे सोडायचे नाहीत. त्यामुळे दवाखान्यात नुसतं पाणी, दगड आणि शेवाळ. पेशंट विचारायचे, "मॅडम, मासे कुठं गेले?" मॅडम म्हणायच्या, "यायचेत."

आठवडाभराने मी काच पुसत होतो. बाकावर महादूबाबा बसले होते. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. पोरं मुंबईला, हे आणि म्हातारी गावी नाचणी-वरीची शेती करतात. कवळी बसवायची म्हणून उरलेसुरले दात काढायला ते दर आठवड्याला एसटीने यायचे. मॅडमनी नुकतंच भुलीचं इंजेक्शन दिलं होतं आणि ते लागू व्हायला त्यांना बाहेर बसवलं होतं.

एकदम ते म्हणाले, "काय ओ टाकीवालं, ह्यो घोडा कुनाचा?"

मी आतमध्ये डोकावून म्हणालो, "मॅडम, इंजेक्शन डोक्यात गेलं वाटतं."

मॅडम धावत आल्या. महादूबाबा शांतपणे बोट दाखवत होते. शेवाळाच्या एका काडीला शेपटीचं वेटोळं घालून, बोटभर उंचीचा, शेवाळाच्याच रंगाचा एक घोडा ताठ उभा होता आणि एक डोळा फिरवून आमच्याकडे बघत होता. मॅडम किंचाळल्या. मी किंचाळलो. महादूबाबा म्हणाले, "मी मगाधरनं बगतोय त्याला. तुमाला आत्ता दिसला?"

तो दिवस आम्ही तिघांनी वेड्यासारखा घालवला. मॅडमनी एका पेशंटच्या वरच्या दाताऐवजी खालच्या दाताला ठोकून 'इथे दुखतं का' असं तीनदा विचारलं. मी बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, "घोडा? टाकीत? तुम्ही आज नळीतून काय ओढलंत?"

मग प्रश्न आला खाण्याचा. मी दुकानातला सगळ्यात महागडा सुका खुराक टाकला. घोड्याने ढुंकून पाहिलं नाही. आठवडाभर त्याने शेवाळातले बारीक जीव खाल्ले असणार, ते आता संपत आले होते. मोबाइलवर वाचलं तेव्हा कळलं की ह्या साहेबांना हलतं, जिवंत भक्ष्यच लागतं. मी त्याच दुपारी बायकोची पातळ ओढणी घेऊन दासगावला गेलो. तिथे खाडीचं मचूळ पाणी येतं. गुडघाभर चिखलात उभा राहून ओढणीने तांदळाच्या कणीएवढी कोळंबीची पिल्लं धरली. काठावरून जाणाऱ्या एका बाईने विचारलं, "येवड्याशा जवळ्यात भागंल काय गो बाय तुमच्या घरात?" ती माझ्याशी बोलत नव्हती, ओढणी राखायला म्हणून आलेल्या, मागे उभ्या माझ्या बायकोशी बोलत होती. बायको आठवडाभर धुमसत होती.

पिल्लं टाकीत सोडली. आवाज नको म्हणून हवेचा पंप क्षणभर बंद केला. घोडा जागचा हलला नाही. एक पिल्लू तरंगत तरंगत त्याच्या तोंडापाशी आलं, आणि 'टिक'. पिल्लू नाही. दुसरं आलं. 'टिक'. तेही नाही. तो जागच्या जागी, तोंड मिटलेलं, चेहरा एखाद्या हेडमास्तरासारखा.

"गिळलं कवा?" संध्याकाळच्या एसटीपर्यंत थांबलेले महादूबाबा म्हणाले.

आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं. मॅडमनी मोबाइलवर संथ गतीने चित्रण केलं, तरी त्यातही एका चित्रात पिल्लू होतं आणि पुढच्यात नव्हतं. मग आम्ही वाचत बसलो. तुम्हाला साध्या भाषेत सांगतो. समुद्रघोड्याला दात नाहीत, आणि पोहण्यात तो अगदी ढ. पाठलाग करून त्याला कधी काही मिळायचं नाही. म्हणून तो शेपटीने काडी धरून उभा राहतो आणि वाट बघतो. त्याच्या लांबोड्या तोंडाची घडणच अशी, की ते भक्ष्याच्या जवळ सरकलं तरी पुढचं पाणी हलत नाही. भक्ष्याला पत्ताच नसतो. मानेचे स्नायू त्याने गलोलीच्या रबरासारखे आधीच ताणून ठेवलेले असतात. भक्ष्य टप्प्यात आलं की ते सोडतो. डोकं झटक्यात वर उडतं, तोंडाच्या नळीचं टोक भक्ष्याला भिडतं, त्याच क्षणी तोंडाची पोकळी फुगते, आणि रिकामी झालेली जागा भरायला पाणी भक्ष्यासकट आत धावतं. पाणी कल्ल्यांतून बाहेर, भक्ष्य पोटात. हे सगळं आपली पापणी लवायच्या आत कितीतरी वेळा उरकतं. तो 'टिक' त्याच्या डोक्याच्या हाडांचा.

मॅडम आनंदाने उड्या मारत म्हणाल्या, "काका, हे तर माझं सक्शन! पेशंटच्या तोंडातली लाळ ओढायची नळी!"

"मॅडम, आधी ते माझं आहे," मी म्हणालो. "मी पंचवीस वर्षं ओढतोय."

"आन मी?" महादूबाबांनी बोळक्या गालांनी हवा आत ओढून दाखवली. "आता पेज अशीच खातो मी."

दवाखान्यात त्या दिवसांत जी गंमत होती ती काय सांगू. खबर पोलादपूरपर्यंत गेली. वीर स्टेशनचे रिक्षावाले उतारूंना 'घोडा बघायचा काय?' असं विचारायला लागले. ज्यांचा एकही दात दुखत नव्हता ते लोक दात साफ करून घ्यायला आले. पंप बंद केला की खोलीतली दहा माणसं श्वास रोखून बसायची आणि 'टिक' झालं की टाळ्या. मी रोज सकाळी दासगावच्या चिखलात, रोज दुपारी दवाखान्यात. दुकानाचं शटर बंद असलं तरी मला पर्वा नव्हती. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे बायकोने वाचलं तरी हरकत नाही, कारण तिचंही तेच म्हणणं आहे.

आणि मग घोड्याचं पोट फुगलं.

आधी थोडं, मग चांगलं टम्म. माझा सगळा अनुभव गोल्डफिशचा. गोल्डफिशचं पोट फुगलं की ते अपचन समजायचं, दोन दिवस उपास, तिसऱ्या दिवशी उकडलेल्या वाटाण्याचा गर. मला वाटलं, आपण हावरटासारखं कोंबलंय ह्याला. मी दासगावची फेरी बंद केली. टाकीवर कागद चिकटवला, 'उपवास चालू आहे'. लोक हसले, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी घोड्याची मान खाली आली होती. शेपटीचं वेटोळं सैल झालं होतं. तो काडी धरायचा आणि सुटायचा. पंचवीस वर्षं माझ्या खिशात कायम बदलीचा मासा होता. ह्याला बदली नव्हती. मेला तर सकाळी लवकर येऊन सोडायला दुसरा घोडा मी आणणार कुठून?

नेमके त्या दिवशी महादूबाबा कवळीचं माप बघायला आले होते. टाकीपुढे वाकून त्यांनी कागद वाचला, घोड्याकडे पाहिलं आणि माझ्यावर भडकले.

"आरं, उपाशी ठेवलंस व्हय रं त्याला? पोटुशी हाय ती! शेळी पोटुशी आसली का तिचा चारा बंद करशील?"

"बाबा, अपचन आहे ते."

"माज्या गोठ्यात काय कमी वेतं झाली? पोट बगून कळतंय मला."

मॅडमनी मोबाइल काढला. वाचता वाचता त्यांचे डोळे मोठे होत गेले. "काका, बाबांचं बरोबर आहे. पण ही मादी नाही. समुद्रघोड्यात नर गरोदर राहतो. मादी त्याच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते. हा समुद्रातून आला तेव्हाच ती भरलेली असणार. आणि काका, ह्यांना जठरच नसतं. खाल्लेलं साठत नाही. सतत खायला लागतं."

जठर नसलेल्या गरोदर जिवाला मी दोन दिवस उपास घडवला होता. मी आधी टाकीवरचा तो कागद फाडला.

महादूबाबा मात्र तोंडावर हात घेऊन हसत सुटले होते. "बापय? बापय पोटुशी? आमच्या वाडीत कुनाला सांगू नगा, बायका ऐकायच्या नायत!"

मॅडम अजून वाचत होत्या. पुढचं वाचून त्यांचा चेहरा पडला. समुद्रघोडा कायद्याने संरक्षित आहे, वाघाला जसं संरक्षण तसं ह्याला. पाळणं, पकडणं, सगळं बंद. आम्ही तिघांनी एकदम टाकीकडे पाहिलं. दवाखान्यात आम्ही जणू वाघ बांधला होता, आणि वर त्याची जाहिरात केली होती.

मॅडम धीराच्या. त्यांनी तिथल्या तिथे वनखात्याच्या कार्यालयात फोन लावला आणि पाणी, दगड, शेवाळ, सगळं खरं सांगितलं. पलीकडच्या साहेबांनी आधी 'घोडा की समुद्रघोडा?' असं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, जिथून आला तिथे आजच्या आज नेऊन सोडा, सोडताना चित्रण करा आणि उद्या लेखी द्या.

दवाखाना बंद. पेशंटना उद्या यायला सांगितलं. एकाचा गाल सुजला होता, तोही म्हणाला, "आधी घोडा, मॅडम." बादलीत टाकीतलं पाणी, शेवाळाची काडी, घोडा आणि बॅटरीवरचा हवेचा पंप. मॅडम गाडी चालवायला, मी पुढे. मागच्या सीटवर बादली मांडीत धरून महादूबाबा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "माजी एसटी संध्याकाळची हाय," एवढंच म्हणून ते बसले होते.

दासगावला गाडी थांबवून मी ओढणीने दोनदा पाणी गाळलं, मिळतील तेवढी पिल्लं बादलीत टाकली. पण 'टिक' काही ऐकू आलं नाही. आंबेतचा पूल गेला, म्हसळ्याकडची वळणं लागली. मी दर दोन मिनिटांनी मागे वळून विचारत होतो, "आहे का?" आणि बाबा सांगत होते, "हाय. तू फुडं बग." माझ्या मनात नको नको ते येत होतं. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

एका वळणावर मागून आरोळी आली. "थांबवा गो बाय, थांबवा! झाला! बापय बाळंत झाला!"

मॅडमनी ब्रेक मारला, पाणी बाबांच्या धोतरावर सांडलं. आम्ही दोघं मागे धावलो. घोडा काडीला घट्ट धरून पुढे-मागे वाकत होता, आणि दर वाकण्याला त्याच्या पोटातून मोहरीएवढ्या डोक्यांची, दोऱ्यासारखी पोरं भसाभस बाहेर पडत होती. प्रत्येक अगदी तयार घोडा, इवलंसं तोंड, इवलीशी शेपटी. दोन पोरं एकमेकांच्याच शेपटीला धरून गरगरत होती. मोजायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मॅडम रडत होत्या, मी हसत होतो, मग उलट झालं.

"माजी सून बाळंत झाली तवा मी वाडीवर व्हतो," महादूबाबा म्हणाले, "आन ह्यो बग, मांडीवरच!" आणि ते हसले, हात तोंडावर न घेता, सगळं बोळकं उघडं टाकून. मागून हॉर्न मारत आलेला टेम्पोवाला उतरून भांडायला आला, बादलीत डोकावला आणि तोही तिथेच बसला.

पुढचा रस्ता मॅडमनी जितक्या जपून गाडी चालवली तितकी मी कुणाला चालवताना पाहिली नाही. बागमांडल्याला पोहोचलो तेव्हा भरती लागली होती. खडकांच्या आडोशाला पाणी संथ होतं, खाली शेवाळ हलत होतं. मी पँटसकट कमरेपर्यंत पाण्यात उतरलो आणि बादली हळूच बुडवून आडवी केली. पोरं धुरासारखी पसरली आणि दिसेनाशी झाली. त्यांतली किती जगतील मला ठाऊक नाही. फार थोडी जगतात, असं वाचलंय.

बाप मात्र गेला नाही. काडी बादलीतून सुटली तेव्हा त्याने जवळ जे सापडलं ते धरलं, आणि ते माझं बोट होतं. करंगळीला दीड वेटोळं. मला वाटलं नव्हतं एवढ्या उपाशी जिवात एवढा जोर असेल.

खडकावरून मॅडम चित्रण करत होत्या. "काका, सोडा ना त्याला."

"मी सोडलंय, मॅडम. त्याने धरलंय."

मी हात पाण्यात तसाच ठेवून उभा राहिलो. लाटा छातीपर्यंत यायला लागल्या. बाबा वरून ओरडले, "वढू नगस रं!" मी ओढत नव्हतो. ज्याने आपल्याला दोन दिवस उपाशी ठेवलं त्याचंच बोट धरून तो उभा होता, आणि मला त्याची माफी मागायची होती, पण माशाची माफी कशी मागतात ते ह्या धंद्यात कुणी शिकवत नाही. मी नुसतं "खा रे बाबा, खा" असं म्हणत राहिलो.

भरतीच्या पाण्याबरोबर काहीतरी बारीक, पारदर्शक, त्याच्या तोंडासमोरून गेलं. मला ते नीट दिसलंही नाही. पण बोटाला कळलं. पाण्याखाली, हाडापर्यंत, एक छोटासा झटका बसला. मग आणखी एक.

तिसऱ्यानंतर त्याने वेटोळं सोडलं.